आत्याची ७.८ आणि दादाची ६२

आत्याचा फोन आला तेव्हा इकडं साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडं बर्मिंगहॅमला सकाळचे सात. लॅबमधली उपाशीपोटीवाल्यांची गर्दी नुकतीच ओसरली होती आणि मी चहाचा कप हातात घेतला होता. आत्या अशा वेळी कधी फोन करत नाही, म्हणून उचलल्या उचलल्या विचारलं काय झालं गं. तर म्हणाली, "बाळ, साखर पार खाली गेलीय बघ. सात पॉइंट आठ."

मी खुर्चीवरून उठलेच. साखर साताठ मिलिग्रॅमवर गेलेला माणूस फोन लावून भाचीशी बोलू शकत नाही, बेशुद्ध पडलेला असतो, हे सत्तावीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या मला कळायला पाहिजे होतं, पण आपल्या माणसाचा आवाज ऐकला की आधी पोटात गोळा येतो आणि डोकं नंतर चालतं. विचारलं, घाम येतोय का, हात थरथरतायत का, डोळ्यापुढं अंधारी? म्हणाली, "काहीच नाही गं, म्हणून तर कळंना. सहाला बघितलं तर सात पॉइंट आठ. मग तीन चमचे साखर पाण्यात कालवून प्यायले, आता परत बघितलं तर अकरा पॉइंट नऊ. चढतीय, पण लई हळू चढतीय. अजून दोन चमचे घेऊ का?"

नको नको म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. मग विचारलं, मशीन कुठलं आहे तुझ्या हातात? तिचं नेहमीचं मशीन मिरजेतच कपाटात राहिलं होतं, स्ट्रिप्स तेवढ्या नेल्या होत्या, म्हणून दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, तिथल्या दुकानातून नवीन आणून दिलं होतं. म्हटलं आत्या, चष्मा लाव, आकड्याच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी असेल ते एकेक अक्षर वाच. ती वाचायला लागली. "एम. परत एम. मग ओ. मग एल. मग एक तिरकी रेघ. मग परत एल."

मी खाली बसले आणि म्हटलं आत्या, तुझी ७.८ म्हणजे आपली १४०, आणि साखरपाणी प्यायल्यावरची ११.९ म्हणजे २१४. तिकडं वेगळ्या मापात मोजतात. आता पाणी पी, थोडं घरातल्या घरात चाल आणि गोळी नेहमीच्या वेळेला घे.

आत्यानं मागं एकदा गोळी घेऊन जेवायला उशीर केला होता तेव्हा तिची साखर ५२ झाली होती. ती भीती तिच्या अंगात बसलीय. आकडा छोटा दिसला की तिचा हात साखरेच्या डब्याकडं जातो, आणि तसं तिला आम्हीच शिकवलंय. तिची काही चूक नव्हती. थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "मग ह्याची बासष्ट कशी गं?"

ह्याची म्हणजे दादाची. दादाला तिकडं गेल्यापासून डायबेटीस आहे, आदल्या आठवड्यात त्याच्या जीपीनं, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरनं, रिपोर्ट बघून सांगितलं होतं की बासष्ट आलीय, जास्त आहे. आत्यानं ऐकलं बासष्ट. आपल्याकडं बासष्ट म्हणजे साखर कमी. डॉक्टरला मराठी येत नाही आणि पोराला आपल्या तब्येतीचं काही पडलेलं नाही, असा तिनं मनाशी हिशोब लावला आणि आठवडाभर ती त्याला डब्यात गुळाची पोळी देत होती. तोही आईच्या हातची म्हणून खात होता. ती बासष्ट होती तीन महिन्यांच्या सरासरीची, ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो. आपल्याकडं ती टक्क्यांत देतात, तिकडं मिलीमोल पर मोल अशा मापात. २०११ पासून इंग्लंडमध्ये टक्के बंदच केले. त्या ६२ चे आपल्या हिशोबानं टक्के काढले तर येतात ७.८.

हे मी फोन ठेवल्यावर कागदावर मांडलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. आपल्याकडं ७.८ ही तीन महिन्यांची सरासरी, बिघडलेली, आणि ६२ ही उपाशीपोटीची साखर, घसरलेली. तिकडं ७.८ ही आजची साखर आणि ६२ ही तीन महिन्यांची सरासरी. तेच दोन आकडे, जागा बदलून बसलेले. एका घरात आई आणि मुलगा दोघांनाही हेच दोन आकडे मिळाले आणि दोघांच्याही पोटात नको असताना साखर गेली. आत्यानं आकडा बरोबर वाचला होता, दशांशचिन्हासकट. दादाच्या डॉक्टरांनीही बरोबर सांगितलं होतं. चुकीचं कुणीच काही बोललं नव्हतं, फक्त आकड्यामागचं जे माप ते कुणी तोंडानं उच्चारलं नव्हतं.

आपण तसंही कुठं उच्चारतो म्हणा. शुगर किती? एकशे चाळीस. एचबी? दहा. प्लेटलेट? दीड. थायरॉइड? सहा. सगळं घर असंच बोलतं, डॉक्टरही असंच बोलतात आणि आम्ही लॅबवालेसुद्धा काउंटरवरून असंच सांगतो, आणि गावातल्या गावात ते चालूनही जातं कारण सगळ्यांचं माप एकच असतं. पायलीचंही असंच होतं असं आमची आजी सांगायची, की एका गावात राहिलं तर पायली म्हणजे पायली, पण लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेलं की पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे इथली पायली केवढी. सासरच्या पायलीनं माहेरचा हिशोब केला की धान्य कमी पडायचं.

आता १४० आणि ७.८ एकच कसे, हे मला लॅबमध्ये रोज कुणी ना कुणी विचारतं, कारण मिरज-सांगलीकडची आता इतकी पोरं बाहेर आहेत की रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हीकडून येत-जात असतात. मी आंब्यांचं उदाहरण देते. हापूस आपण डझनावर घेतो आणि द्राक्षं किलोवर. आपल्या रिपोर्टमध्ये साखर किलोवर मोजलेली असते, म्हणजे वजनावर, शंभर मिली रक्तात किती मिलिग्रॅम. तिकडच्या रिपोर्टमध्ये साखर डझनावर मोजलेली असते, म्हणजे एक लिटर रक्तात साखरेचे रेणू किती नग. रेणू काही बारा-बारानं मोजून परवडत नाहीत म्हणून त्यांचा डझन प्रचंड मोठा केलाय, त्याला मोल म्हणतात. ग्लुकोजचा एक मोल म्हणजे १८० ग्रॅम, आणि शंभर मिलीचं लिटर करताना दहाचा फरक पडतो, म्हणून १८ नं भागायचं. साखरेपुरतं हे इतकंच आहे आणि ते पाठच करून टाकावं.

पण सगळ्याला १८ लावून चालत नाही, इथं लोक फसतात. डझनभर हापूस आणि डझनभर बोरं यांचं वजन सारखं भरेल का? कोलेस्टेरॉलचा रेणू जड, त्याला ३८.६७ नं भागायचं. क्रिएटिनीनचं तर उलटं, आपल्या आकड्याला ८८.४ नं गुणायचं, म्हणजे आपलं १.४ तिकडं १२४ होतं, आणि तो १२४ ऐकून ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाच्या वडलांनी माझ्यासमोर बसून डोळ्यातून पाणी काढलेलं मी बघितलंय. त्यांना वाटलं किडन्या गेल्याच. १.४ पण काही चांगलं नाही, डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे, पण त्यांच्या मनात जे उभं राहिलं होतं ते तर अजिबातच नव्हतं.

मोल हे एकक जगानं अधिकृतपणे १९७१ साली घेतलं आणि १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की दवाखान्यातही हीच आंतरराष्ट्रीय मापं वापरा. कारण पटण्यासारखं होतं, शरीरात जे काही चालतं ते रेणूला रेणू भिडून चालतं, वजनाला वजन भिडून नाही. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिकडं गेले. अमेरिका राहिली मिलिग्रॅमवर आणि आपणही राहिलो. मला विचाराल तर मला दोन्ही चालतात, फक्त कुठलं ते लिहा.

माझा जीव खरा अडकलाय तो जुन्या एककांमध्ये, कारण त्यातल्या कित्येकांच्या आत एखादं भांडं नाहीतर एखादी नळी बसलेली आहे आणि ती मी स्वतःच्या हातानं वापरलेली आहेत.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करायला लागले तेव्हा आम्हाला हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत काढायला शिकवलं होतं. बारीक काचेची नळी, तिच्यावर ग्रॅमच्या रेघा. त्यात खुणेपर्यंत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं, बोट टोचून पिपेटमध्ये वीस मायक्रोलिटर रक्त तोंडानं हळू ओढायचं, पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं आणि ते रक्त ॲसिडच्या तळाशी सोडायचं. लाल रक्त बघता बघता चहासारखं तपकिरी होतं. दहा मिनिटं थांबायचं. मग नळी दोन तपकिरी काचांच्या मधे ठेवून डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत काचेच्या काडीनं ढवळत राहायचं, आणि तिन्ही रंग एकसारखे दिसले की थांबून पाण्याची खालची कड कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचं. आमचे सर म्हणायचे खिडकीपाशी जा, ट्यूबलाइटच्या उजेडात रंग खोटं बोलतो. एकच रक्त माझ्या हातून साडेनऊ यायचं आणि शेजारच्या मैत्रिणीच्या हातून साडेदहा, आणि मग आम्ही दोघी परत खिडकीपाशी.

जे माप यायचं ते ग्रॅम टक्के. जीएम आणि पुढं टक्क्याची खूण. शंभर मिलीमध्ये किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ, शंभर आलं म्हणून टक्का. आजही आमच्या भागातल्या कित्येक रिपोर्टवर तेच छापलेलं असतं आणि जुने डॉक्टर एमजी टक्के, ग्रॅम टक्के असंच बोलतात.

हा टक्का किती खोल लागू शकतो ते मला एका ऊसतोड बाईनं दाखवलं. बीडकडची टोळी होती, कारखान्याचा सीझन चालू होता, डिसेंबर असावा. सातवा महिना, हात उसाच्या पात्यांनी कापलेले, सोबत मुकादमाची बायको. हिमोग्लोबिन आलं ७.२. रिपोर्ट हातात देताना कुणीतरी म्हणालं रक्त सात टक्के आहे, डॉक्टरांकडं जा. ती जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. काउंटरला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "ताई, सातच टक्के राहिलंय, तर त्र्याण्णव टक्के कुठं गेलं वं?"

मला त्या क्षणी काहीच बोलता येईना. ती शाळेत टक्के शिकली होती, आणि शंभरातून सात वजा करून बरोबर उत्तर घेऊन आली होती. तिला वाटत होतं आपल्या अंगातलं रक्त संपत आलंय, पोटात बाळ आहे आणि अंगात फक्त सात टक्के रक्त. मी तिला बाकावर बसवलं आणि काय सांगू काय सांगू करत असताना तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं लक्ष गेलं. म्हटलं हे किती ग्रॅमचं आहे? म्हणाली, चार. ग्रॅम म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, बायकांना ग्रॅम सोन्यामुळंच कळतो. मग म्हटलं हे बघ, रक्त तुझ्या अंगात भरपूर आहे, ते कुठं गेलेलं नाही. पण चहाचा एक छोटा कप भरून रक्त घेतलं तर त्यात लाल करणारी जी वस्तू असते ती तुझ्यात सात ग्रॅम आहे. पोटुशी बाईच्या कपात अकरा तरी पाहिजे. म्हणजे तोळाभर पाहिजे, तुझ्याकडं पाऊण तोळ्याच्या आत आहे. तेवढं भरून काढायचंय. गोळ्यांनी भरतं.

"तोळाभर," ती म्हणाली, "हां." आणि तिच्या चेहऱ्यावरचं जे उतरलं ते मला अजून दिसतं. मग मुकादमाच्या बायकोला तिनं स्वतःच समजावून सांगितलं, कपातलं सोनं कमी आहे म्हणून. जुना तोळा अकरा ग्रॅमच्या थोडा वर होता, आता सराफ दहाचा धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईसाठी आखलेली रेघ आहे ११ ग्रॅमवर. एवढं नेमकं जुळेल असं मला बोलायच्या आधी माहीत नव्हतं, पण तेव्हापासून मी प्रत्येक बाईला तोळ्यातच सांगते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. हा टक्का मात्र खरा टक्का आहे, शंभरातल्या सत्तावन्न. त्या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी असा एक कागद पडत असणार आणि त्यावर दुसरा, वेगळ्या अर्थाचा टक्का छापलेला असणार. मला हे खरंच सहन होत नाही. ग्रॅम पर डीएल लिहायला छपाईचा काही जास्त खर्च येत नाही.

पेशींचंही तसंच. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी सात हजार पर क्युबिक एमएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या जागेत. ही जागा केवढी? राजगिऱ्याचा दाणा डोळ्यापुढं आणा. त्या राजगिऱ्याएवढ्या रक्तात पन्नास लाखांच्या आसपास लाल पेशी, पाच-सात हजार पांढऱ्या आणि दोन-तीन लाख प्लेटलेट. मला विद्यार्थीदशेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उपासाला राजगिऱ्याचा लाडू खाताना मी एक दाणा काढून बोटाच्या टोकावर ठेवून बघितला होता.

हे माप आलं ते पेशी मोजायच्या काचेतून. न्यूबाउअरची चेंबर म्हणतात, जाड काच, तिच्यावर सुईनं ओढल्यासारख्या रेघांचे चौकोन, वर कव्हरस्लिप ठेवली की मधे मिलिमीटरचा दहावा भाग खोली उरते. रक्त वीस पट पातळ करायचं, काचेच्या कडेला थेंब टेकवला की तो आपोआप आत पसरतो, दोन मिनिटं पेशी खाली बसू द्यायच्या आणि मायक्रोस्कोपखाली चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन मोजायचे. रेघेवर बसलेल्या पेशींचं काय, तर डावीकडच्या आणि वरच्या रेघेवरची आपली, उजवीकडची आणि खालची शेजाऱ्याची, म्हणजे कुणी दोनदा मोजलं जात नाही आणि कुणी सुटत नाही. चारही मिळून जेवढ्या येतील त्याला पन्नासनं गुणायचं. १४० मोजल्या तर सात हजार. हा पन्नास हवेतून आलेला नाही, वीसपट पातळ केलं म्हणून वीस आणि चार चौकोनांची जागा ०.४ क्युबिक एमएम म्हणून भागिले ०.४. दिवसाला तीस-तीस काउंट केले आहेत मी असे, संध्याकाळी डोळे मिटले तरी पापणीच्या आत चौकोन दिसायचे.

आता मशीन आहे. वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकन माणसानं १९५३ साली पेटंट घेतलं होतं त्या युक्तीची, की पेशी एकेक करून बारीक भोकातून जाऊ द्यायच्या आणि प्रत्येक पेशी जाताना विजेला होणारा अडथळा मोजायचा. एक थेंब ओढून मिनिटभरात सगळा रिपोर्ट. मशीन कधी मायक्रोलिटर छापतं, कधी लिटर, आणि एक मायक्रोलिटर म्हणजे तोच आपला एक क्युबिक एमएम, तोच राजगिऱ्याचा दाणा. मशीन दमत नाही आणि माझ्यापेक्षा कितीतरी अचूक आहे, मला त्याचं दुःख नाही. पण आम्ही आपलं लाखात टाइप करतो, दुसरी लॅब हजारात देते, आणि डेंग्यूच्या दिवसांत एका रिपोर्टवर १.२ आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडच्या रिपोर्टवर ९८. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात, की एकवरून अठ्ठ्याण्णववर गेल्या. प्रत्यक्षात एक लाख वीस हजारावरून अठ्ठ्याण्णव हजारावर उतरलेल्या असतात.

ईएसआर त्या मानानं सोपं बिचारं. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल भाग किती मिलिमीटर खाली बसला ते वाचायचं, बस. पट्टीनं मोजल्यासारखं. रक्ताची तपासणी मिलिमीटरमध्ये कशी, असं कुणी विचारलं की मी त्यांना स्टँडपाशी नेऊन नळीच दाखवते.

थायरॉइडच्या रिपोर्टवर आययू दिसतं ते आंतरराष्ट्रीय युनिट. काही वस्तू नुसत्या तागडीत घालून भागत नाही, त्यांचं काम किती ते बघावं लागतं, मग जगासाठी एक प्रमाण नमुना ठरवायचा आणि सगळ्यांनी त्याच्याशी ताडून सांगायचं. इन्सुलिनचं पहिलं युनिट १९२० च्या दशकात टोरांटोत ठरलं तेव्हा ते सशाच्या रक्तातली साखर किती उतरते त्यावरून ठरलं होतं. आज कुणी दहा युनिट, बारा युनिट असं बोलतं तेव्हा मला तो ससा आठवतो. लिव्हरच्या तपासणीतल्या एसजीपीटीचं यू मात्र वेगळं, ते मिनिटाला एन्झाइम किती काम करतं त्याचं. दोन्हीला तोंडानं युनिटच म्हणतात.

सगळ्यात वाईट आठवण २०२१ च्या एप्रिल-मे मधली. घरातले सासरे, काका, शेजारी, कोण कुठं ॲडमिट आहे ते एका वहीत लिहून ठेवावं लागत होतं अशी वेळ. माझे धाकटे चुलतसासरे ॲडमिट होते. डी-डायमर नावाची तपासणी तेव्हा घराघरात माहीत झाली होती, रक्तात गुठळ्या होतायत का त्याचा अंदाज यायला. त्यांचा पहिला रिपोर्ट ४८०. तीन दिवसांनी दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट ०.९. रात्री साडेदहाला फॅमिली ग्रुपवर दोन्ही फोटो पडले आणि खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली, उतरलं उतरलं, देव पावला. माझ्या जावेनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती, आनंदानं.

मी दोन्ही फोटो मोठे करून बघितले. पहिला नॅनोग्रॅम पर एमएल. दुसरा मायक्रोग्रॅम पर एमएल, आणि पुढं एफईयू. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम, म्हणजे ०.९ हे ९०० होतं. उतरलेलं काहीच नव्हतं, दिसायला जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. पण तेही नक्की नाही, कारण डी-डायमर दोन मापांत देतात, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिलं साधारण दुसऱ्याच्या दुप्पट भरतं. पहिल्या रिपोर्टवर दोन्हीपैकी काहीच छापलेलं नव्हतं. तो डीडीयू असेल तर ४८० म्हणजे ९६० च्या आसपास, म्हणजे तीन दिवसांत आहे तिथंच. एफईयू असेल तर दुप्पट चढलेलं. रक्त पातळ करायचं औषध वाढवायचं का हे ह्यावर अवलंबून होतं आणि कागदावर तीन अक्षरं नव्हती.

त्या लॅबला रात्री फोन लावला, लागेना. परत, परत. शेवटी पावणेबाराला एका मुलानं उचलला, आवाजावरून वीस-बावीसचा असेल, तोही पीपीई किटमध्ये दिवसभर उभा राहिलेला. मी म्हटलं बाळा, मी पण लॅबमधलीच आहे, तुझ्या फ्रिजमधला डी-डायमरच्या किटचा खोका काढून त्याच्या कडेला काय लिहिलंय तेवढं वाच. तो गेला, फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, फ्रिज उघडल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्यानं वाचलं, डी, डी, यू. मी त्याला आशीर्वाद दिला, अगदी मनापासून. डॉक्टरांना मेसेज टाकला. त्यांनी म्हटलं ठीक आहे, म्हणजे तसंच आहे, चढलेलं नाही, आहे तो डोस चालू ठेवतो. एकोणीस दिवसांनी काका घरी आले.

पण जावेला हे सांगणं फार जड गेलं. तिचं एका रात्रीचं सुख मी काढून घेतलं, उतरलेलं नाही गं, पण चढलेलंही नाही. ती म्हणाली बरं. तेवढंच. अजूनही मला वाटतं की ते सांगायची वेळ माझ्यावर यायलाच नको होती, ते त्या कागदानं सांगायला पाहिजे होतं. तेव्हापासून आमच्या लॅबमधून माझ्या सहीचा एकही रिपोर्ट एककाशिवाय बाहेर पडलेला नाही, आणि फोनवर कुणी विचारलं तरी मी आकडा आणि माप दोन्ही सांगते, समोरचा म्हणतो बाई तेवढं नको, फक्त किती ते सांगा. मी म्हणते तेवढंच तर किती आहे.

आत्या सप्टेंबरात परत आली. दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये आली, हातात तिची साखरेची वही. ही वही ती वर्षानुवर्षं लिहितेय, सराफाच्या दुकानात मिळते तसली लाल कापडी बांधणीची, तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काही वेगळं खाल्लं असेल तर ते. पुरणपोळी अर्धी. लग्नात जिलेबी दोन. पानंच्या पानं १३८, १५२, १४४, १९० आणि मधेच इंग्लंडची तीन पानं, ७.१, ८.४, ६.९.

म्हणाली, "हे सगळं अठरानं गुणून खोडून नीट करू का? डॉक्टर बघतील तर गोंधळतील." मी म्हटलं खोडू नकोस, जसं मोजलंस तसंच राहू दे, फक्त शेजारी माप लिही. तिनं माझ्या टेबलावरचं हिरवं पेन घेतलं, चष्मा लावला, आणि त्या पहिल्या दिवसापासून खाली खाली येत प्रत्येक आकड्याच्या शेजारी, रेघेच्या आत बसेल असं, एम एम ओ एल लिहीत गेली. तिरकी रेघ आणि शेवटचा एलसुद्धा. ११.९ पाशी आल्यावर थांबली. शेवटच्या रकान्यात तिनं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, साखरपाणी, तीन चमचे. ते तिनं एकदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या ओळीवर गेली.